मायक्रोसेल्युलर फोम: बारीक बुडबुड्यांचं प्लास्टिक बनतं कसं आणि बिघडतं कुठे

वितळबिंदू:

इंजेक्शन मोल्डिंगच्या (वितळलेलं प्लास्टिक दाबाने साच्यात भरण्याच्या) चर्चेत फोमचा विषय दरवेळी निघतो आणि मशीनच्या सेटिंगमध्ये हरवून जातो, म्हणून हा वेगळा धागा. जाणकारांनी आकड्यांसकट लिहावं ही विनंती. सुरुवात मी करतो.

मायक्रोसेल्युलर फोमची मूळ व्याख्या कडक आहे. बुडबुडा १० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आतला हवा आणि एका घन सेंटिमीटरमध्ये किमान १०० कोटी बुडबुडे हवेत. आज कारखान्यात १०० मायक्रॉनपर्यंतच्या फोमलाही हेच नाव लावतात आणि व्यवहारात ते चालतं. कल्पना एमआयटीतल्या नाम सुह आणि त्यांच्या विद्यार्थ्यांची, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीची. पेटंट १९८४ चं. त्यांचा युक्तिवाद असा: प्लास्टिकमध्ये सूक्ष्म दोष मुळातच असतात आणि तडा तिथून सुरू होतो. बुडबुडा त्या दोषांपेक्षा लहान ठेवला, तर माल वाचेल आणि चिवटपणा फारसा जाणार नाही.

पद्धत कोणतीही असो, टप्पे तीनच. गॅस दाबाखाली पॉलिमरमध्ये पूर्ण विरघळवायचा. मग दाब एकदम घालवून किंवा तापमान एकदम वाढवून ते द्रावण अस्थिर करायचं, म्हणजे सगळीकडे एकाच वेळी बुडबुडे जन्मतात. शेवटी, ते हव्या त्या आकाराचे झाले की थंड करून वाढ थांबवायची.

बुडबुडा जन्मायला जो ऊर्जेचा अडसर असतो तो पृष्ठताणाच्या घनाच्या सम प्रमाणात आणि दाबफरकाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. दाबफरक दुप्पट केला की अडसर चौथाई. हा अडसर घातांकात बसत असल्यामुळे बुडबुड्यांची संख्या नुसती चौपट होत नाही, कित्येक पटींनी उसळते. शिवाय दाब किती घसरला याइतकंच तो किती वेगाने घसरला हेही महत्त्वाचं. सावकाश घसरला तर आधी जन्मलेले थोडे बुडबुडे सगळा गॅस ओढून घेतात आणि नवे जन्मतच नाहीत.

माझं ठाम मत: फोम खराब निघाला की लोक थंड करण्याच्या टप्प्यात दोष शोधतात, पण तो बहुतेक वेळा पहिल्या टप्प्यात असतो. गॅस नीट विरघळलेला नसतो, किंवा वेळेआधीच द्रावणातून बाहेर आलेला असतो.

दाबमापी:

सहमत. प्रयोगशाळेतल्या बॅच पद्धतीत हे सगळ्यांत स्वच्छ दिसतं, म्हणून ती आधी लिहिते. उदाहरण १ मिमी जाडीच्या पॉलिकार्बोनेट शीटचं.

शीट कापून १२० अंश सेल्सियसला चारेक तास सुकवा. नमुना ०.१ मिलिग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या तराजूवर तोला. प्रेशर व्हेसलमध्ये ठेवून आतली हवा कार्बन डायऑक्साइडने दोनतीनदा धुऊन काढा, मग खोलीच्याच तापमानाला ५ मेगापास्कल दाब द्या. १ मिमी शीट साधारण एका दिवसात संपृक्त होते, म्हणजे मावेल तेवढा गॅस घेते. वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे २ मिमीला चार दिवस धरा. घाई केली तर मधोमध गॅस कमी राहतो आणि छेदाच्या मध्यभागी न फुगलेला पट्टा दिसतो.

नंतर दाब काढा. या क्षणी फोम होत नाही, कारण खोलीच्या तापमानाला पॉलिमर अजून काचेसारखा कडक आहे. नमुना लगेच तोला. १० ग्रॅमची शीट १०.८ ते ११ ग्रॅम भरली पाहिजे. मग सिलिकॉन तेलाच्या किंवा ग्लिसरीनच्या गरम बाथमध्ये अर्धा ते एक मिनिट बुडवा आणि तिथून थेट थंड पाण्यात टाका.

बाथचं तापमान हीच इथली मुख्य चावी. शुद्ध पॉलिकार्बोनेट १४८ अंशांच्या आसपास मऊ होतं, पण विरघळलेला कार्बन डायऑक्साइड प्लास्टिसायझरचं (मालाला मऊ करणाऱ्या पदार्थाचं) काम करतो, त्यामुळे संपृक्त शीट ६० ते ७० अंशांपासूनच फुगायला लागते. ८० अंशांना फोम बारीक आणि जड मिळतो, १३० अंशांना हलका.

व्हेसलमधून काढल्यापासून बाथमध्ये जाईपर्यंतचा वेळ प्रत्येक नमुन्याला सारखाच ठेवा. या काळात पृष्ठभागातून गॅस निसटतो, आणि त्या थरात बुडबुडे न जन्मल्यामुळे बाहेर घट्ट कातडी तयार होते. कधी ती हवीच असते. तेव्हा नमुना मुद्दाम काही मिनिटं उघडा ठेवतात, पण घड्याळ लावून.

पेट (PET, बाटल्यांचं प्लास्टिक) शीटवर हेच करताना जपून. कार्बन डायऑक्साइड ठरावीक प्रमाणापलीकडे गेला की पेट खोलीच्या तापमानालाही स्फटिकी व्हायला लागतं. मग बुडबुडे बारीक येतात, पण शीट फुगायला तयार नसते.

आणि सुरक्षितता. व्हेसलला रप्चर डिस्क (दाब फार वाढला तर फुटून तो सोडणारी चकती) हवीच. दाब सोडण्याची नळी खोलीबाहेर न्या. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. आठ तासांच्या कामासाठी त्याची प्रचलित मर्यादा दशलक्षात ५००० भाग आहे. नायट्रोजन गळला तर ना वास ना इशारा, म्हणून ऑक्सिजन मीटर लावा. वेगाने दाब सोडताना व्हॉल्व्हमध्ये कोरडा बर्फ जमून मार्ग बंद होतो. मग गेज शून्य दाखवत असतो आणि आत दाब तसाच असतो. झाकण उघडण्यापूर्वी दुसरा गेज पाहायची सवय लावा.

साचेघर:

आता कारखान्यातली बाजू. बॅचमध्ये ज्याला एक दिवस लागतो ते इंजेक्शन मोल्डिंगमध्ये काही सेकंदांत करावं लागतं. ते जमतं, कारण मेल्टमध्ये (वितळलेल्या प्लास्टिकमध्ये) गॅस झपाट्याने पसरतो आणि तापवलेल्या नळीत, म्हणजे बॅरलमध्ये, फिरणारा स्क्रू त्याचे सतत तुकडे करत राहतो. ट्रेक्सेल कंपनीची म्यूसेल पद्धत यात सर्वांत रुळलेली.

यंत्रात काय वेगळं लागतं? गॅस सुपरक्रिटिकल अवस्थेत (द्रव आणि वायू यांत फरक उरत नाही अशा) मोजून देणारं युनिट, बॅरलवर इंजेक्टर आणि लांब स्क्रू. त्या स्क्रूवर इंजेक्टरच्या मागे एक जादा चेक व्हॉल्व्ह (गॅस हॉपरकडे पळू नये म्हणून) आणि इंजेक्टरच्या पुढे गॅस मिसळणारा भाग. पुढे शटऑफ नोझल (बंद करता येणारं तोंड). हॉट रनर (मेल्ट साच्यापर्यंत गरमच नेणारी वाट) असेल तर प्रत्येक गेटवर (मेल्ट साच्यात शिरतो त्या तोंडावर) व्हॉल्व्ह गेट हवाच. उघड्या गेटच्या हॉट रनरवर हे काम करू नका, मेल्ट दोन शॉटच्या (साचा एकदा भरणं म्हणजे एक शॉट) मधेच रनरमध्ये फेसाळतो.

गॅस बहुतेक ठिकाणी नायट्रोजन. तो मेल्टमध्ये कमी विरघळतो, पण बुडबुडे जास्त आणि बारीक देतो. ग्लास फायबर भरलेल्या नायलॉनला वजनाच्या ०.२ ते ०.४ टक्के पुरतो, न भरलेल्या पॉलिप्रोपिलीनला ०.५ ते ०.८. कार्बन डायऑक्साइड कित्येक पट जास्त विरघळतो आणि मेल्ट पातळ करतो, पण पेशी (बुडबुड्यांच्या पोकळ्या) मोठ्या येतात. म्हणून तो मऊ मालासाठी किंवा घनता खूप खाली न्यायची असेल तेव्हा.

डोसचा हिशोब: शॉट ३०० ग्रॅम, गॅस ०.४ टक्के, म्हणजे १.२ ग्रॅम. डोसिंगमधली (स्क्रू पुढच्या शॉटचा माल गोळा करतो त्या वेळातली) गॅस सोडायची खिडकी ६ सेकंदांची असेल तर सेकंदाला ०.२ ग्रॅम, म्हणजे ताशी ०.७२ किलो. ही खिडकी स्क्रू फिरायला लागून दाब स्थिर झाल्यावर उघडायची आणि डोसिंग संपण्याच्या थोडं आधी बंद करायची. गॅसचा दाब बॅरलमधल्या दाबापेक्षा थोडासाच जास्त ठेवा. फरक मोठा असेल तर व्हॉल्व्ह उघडताच गॅसचा गोळा आत शिरतो, तो स्क्रूला फोडता येत नाही आणि पार्टमध्ये मटाराएवढी पोकळी सापडते.

बॅरलमधला दाब क्षणभरही सुटता कामा नये. डोसिंग झाल्यावर, साचा उघडा असताना, अलार्म वाजून मशीन थांबलं तरी मेल्टवर १०० ते १५० बार राहिलेच पाहिजेत. नेहमीच्या सवयीने दिलेलं सक-बॅक (दाब उतरवायला स्क्रू थोडा मागे ओढणं) इथे बंद. दाब सुटला की गॅस बॅरलमध्येच बाहेर येतो. तो पुढच्या शॉटमध्ये पुन्हा विरघळेल अशी आशा ठेवू नका, तेवढा वेळच नसतो. ओळखायची खूण म्हणजे स्क्रू आपोआप मागे सरकतो आणि शॉटचं वजन नाचायला लागतं.

सेटिंगचा क्रम मी असा सुचवेन. गॅस बंद ठेवून आधी घट्ट (बुडबुडे नसलेला) पार्ट काढा आणि त्याचं वजन लिहून ठेवा. मग होल्डिंग (साचा भरल्यावर धरून ठेवलेला दाब) जवळजवळ काढून टाका, फार तर अर्धा सेकंद. गॅस सुरू करा आणि दहाबारा शॉट जाऊ द्या. मग शॉटचं माप पायरीपायरीने २ टक्क्यांनी कमी करत जा, साच्याचं शेवटचं टोक भरेनासं होईपर्यंत. तिथून एक पायरी मागे या. इंजेक्शनचा वेग जमेल तितका जास्त, कारण गेटवर दाब जितक्या झटक्याने पडेल तितके बुडबुडे बारीक. साध्या साच्यात ५ ते १५ टक्के वजन उतरतं. त्याहून जास्त कबूल करू नका.

होल्डिंगचं काम आता बुडबुडेच करतात, तेही आतून आणि सगळीकडे सारखं. त्यामुळे सिंक मार्क (पृष्ठभागावरचे खड्डे) जातात आणि वॉरपेज (पार्ट वाकडा होणं) कमी होतं. साचा मिटून धरणारं क्लॅम्पचं बळ तिसऱ्या हिश्शाने ते निम्म्याने कमी पुरतं. माझ्या मते वजनापेक्षा हाच खरा फायदा. सपाट, लांब, मापात बसायलाच हवेत असे पार्ट या पद्धतीला द्यावेत: प्रिंटरची चासी, गाडीच्या एसीची केसिंग, दाराच्या आतली कॅरिअर प्लेट.

गेटपासून_दूर:

उत्तम माहिती. दोन प्रश्न. पृष्ठभागावर चांदीसारखे ओरखडे येतात, वेग आणि तापमान बदलूनही जात नाहीत. आणि काही पार्ट साच्यातून नीट निघतात, पण मिनिटाभरात जाड बॉसच्या (स्क्रू बसवायच्या उंचवट्याच्या) जागी टेंगूळ येतं. कारण काय?

साचेघर:

@गेटपासून_दूर, ओरखडे हा या पद्धतीचा स्वभाव आहे, सेटिंगची चूक नाही. वाहत्या मेल्टच्या पुढच्या टोकाला दाब जवळपास शून्य असतो, त्यामुळे तिथे बुडबुडे फुटतात. ते साच्याच्या थंड भिंतीवर घासले जाऊन ताणले जातात आणि तसेच गोठतात. वेग बदलून नक्षी बदलते, जात नाही. खरे उपाय तीन. पहिला, साच्यात आधीच नायट्रोजनचा प्रतिदाब भरून ठेवायचा, म्हणजे भरताना बुडबुडे जन्मतच नाहीत. त्यासाठी साचा सीलबंद करावा लागतो, इजेक्टर पिनांसकट. दुसरा, साच्याचा पृष्ठभाग भरताना गरम आणि नंतर थंड करायचा. तिसरा आणि स्वस्त, पार्टवर टेक्स्चर द्यायचं आणि चकचकीत काळा रंग टाळायचा. पार्ट झाकला जाणारा असेल तर काहीच करू नका.

टेंगळाचं कारण वेगळं. त्या जागी गाभा अजून मऊ आहे आणि आतल्या गॅसला दाब आहे. साच्याची भिंत दूर झाली की तो फुगतो. थंड करायचा वेळ वाढवून थांबतं, पण मग सायकल टाइमचा फायदा जातो. आधी गॅस ०.०५ टक्क्यांच्या पायऱ्यांनी कमी करून पाहा, त्या कोपऱ्यातलं पाणी नीट फिरतंय का ते बघा, उष्णता चटकन ओढणारा बेरिलियम कॉपरचा इन्सर्ट टाका. मुळातला उपाय डिझाइनमध्ये आहे: बॉस आतून पोखरा, भिंत ३ मिमीच्या वर जाऊ देऊ नका.

आणखी एक. नेहमीच्या मोल्डिंगमध्ये गेट जाड भागात देतो. इथे उलट, पातळ भागात द्या आणि जाडीकडे भरा. पातळ भागात फुगायला जागा नसते, जाड भाग शेवटी भरला की तिथे बुडबुड्यांना वाव मिळतो. जुना साचा तसाच घेऊन गॅस जोडला आणि वजन उतरलं नाही, यामागे अनेकदा हेच असतं.

वितळबिंदू:

ताकदीबद्दल एक हिशोब जोडतो, कारण "फोम म्हणजे कमकुवत" हे सरसकट ऐकायला मिळतं. फोमचा लवचिकता गुणांक ढोबळमानाने सापेक्ष घनतेच्या वर्गाने कमी होतो. आता २ मिमीची घट्ट भिंत घ्या आणि तेवढ्याच वजनात २.२ मिमीची फोम भिंत करा. सापेक्ष घनता ०.९१, तिचा वर्ग ०.८३. पण वाकण्याला विरोध जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे १.३३ पट. गुणाकार १.१. तेवढ्याच वजनात भिंत १० टक्के ताठ झाली, आणि यात बाहेरची घट्ट कातडी धरलेलीच नाही. ती धरली तर आकडा आणखी वर जातो. मात्र जाडी तीच ठेवून नुसतं वजन उतरवलं, तर ताण सोसायची ताकद कमी होणारच. न भरलेल्या प्लास्टिकची आघात सोसायची क्षमता त्याहूनही जास्त घसरते.

डाय_आणि_कटर:

एक्स्ट्रूजनबद्दल (मेल्ट डाय नावाच्या तोंडातून सतत ढकलून शीट काढण्याबद्दल) थोडक्यात. तिथे साच्याची भिंत नसते, त्यामुळे बुडबुडे जन्मल्यावर त्यांना आवरायचं काम मेल्टच्या स्वतःच्या ताणशक्तीवर येतं. साधं पॉलिप्रोपिलीन यात नापास. त्याच्या साखळ्या सरळ असल्याने पेशींच्या भिंती ताणल्या की फाटतात, शेजारचे बुडबुडे एकमेकांत मिसळतात आणि गॅस बाहेर निघून जातो. लांब फांद्यांचं पॉलिप्रोपिलीन वापरा किंवा साध्यात मिसळा. दुसरी गोष्ट, गॅस मिसळल्यावर मेल्ट हळूहळू आणि एकसारखा थंड करत डायपर्यंत न्यायचा. म्हणूनच दोन एक्स्ट्रुडर एकामागोमाग जोडतात, पहिला वितळवून गॅस मिसळायला आणि दुसरा निव्वळ थंड करायला. डायच्या ओठांवरच दाब पडला पाहिजे. ओठ लांब असतील तर दाब आतच उतरतो, बुडबुडे डायमध्ये जन्मतात आणि शीट खरबरीत निघते.

बुडबुडे जन्मायला आधार म्हणून टाल्कची पूड ०.५ ते १ टक्का पुरते, पण नीट पसरलेली हवी. गोळ्या राहिल्या की त्यांच्याभोवती मोठे बुडबुडे.

कोएक्सियल केबलचं इन्सुलेशन हा याचा सुंदर उपयोग. पॉलिथिलीनचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक २.३ च्या आसपास असतो. नायट्रोजनने फुगवून तो १.५ च्याही खाली नेता येतो आणि वाटेत सिग्नल क्षीण होणं घटतं. तिथे बुडबुडे बारीक असण्याइतकंच ते तारेभोवती सर्व बाजूंनी सारखे असणं गरजेचं, नाहीतर इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विद्युत विरोध) लांबीभर हलत राहतो.

बारीक_नजर:

"बारीक बुडबुडे" असं नुसतं लिहू नका, मोजा. नमुना द्रव नायट्रोजनमध्ये काही मिनिटं बुडवून ठिसूळ करा आणि मोडा. ब्लेडने कापला तर भिंती सारवल्या जातात आणि मोजणी खोटी ठरते. सोन्याचा पातळ थर देऊन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली फोटो घ्या, चौकटीत निदान शंभर बुडबुडे येतील एवढ्या मोठेपणाने.

समजा १०० गुणिले १०० मायक्रॉनच्या चौकटीत १५० बुडबुडे आले. क्षेत्रफळ एका चौरस सेंटिमीटरचा दहा हजारावा भाग, म्हणजे चौरस सेंटिमीटरला १५ लाख. या आकड्याचा दीड घात घ्या: घन सेंटिमीटरला सुमारे १८४ कोटी. हे फुगलेल्या मालात. मूळ घट्ट मालाच्या हिशोबाने हवं तर घनतेच्या गुणोत्तराने गुणा. १.०५ चं ०.८५ झालं असेल तर १.२४ ने, म्हणजे २२७ कोटींच्या आसपास.

इंजेक्शनच्या पार्टमध्ये एकच फोटो काढून निष्कर्ष काढू नका. गेटजवळ, मधे आणि शेवटच्या टोकाला असे तीन, तेही कातडीपासून गाभ्यापर्यंत. टोकाला पेशी नेहमी मोठ्या असतात, कारण तिथे दाब कमी होता. अहवालात कातडीची जाडीही द्या.

मऊतळ:

बुटांच्या तळव्यांबद्दल कोणी लिहिलेलं नाही म्हणून. थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनचे मणी ऑटोक्लेव्हमध्ये गॅसने भरून फुगवतात आणि मग साच्यात वाफेने एकमेकांना चिकटवतात. २०१३ साली आलेल्या आदिदास बूस्टचा तळवा असाच होता. हा माल लवचिक असल्याने एक वेगळाच प्रश्न येतो: आकसणं. कार्बन डायऑक्साइड पेशीतून झपाट्याने बाहेर जातो, बाहेरची हवा तेवढ्या वेगाने आत येत नाही, पेशीत दाब कमी होतो आणि फोम चुरगळतो. कडक प्लास्टिकमध्ये भिंती हे सोसतात, इथे नाही. उपाय म्हणून नायट्रोजन किंवा दोन्हींचं मिश्रण वापरतात आणि माप घेण्यापूर्वी फोम स्थिर होऊ देतात.

एमसीआर चपलेतलं मायक्रोसेल्युलर रबर मात्र या कुळातलं नाही. पावलांची संवेदना गेलेल्या रुग्णांसाठी वापरतात ते साधारण १५ शोअर ए कडकपणाचं मऊ रबर रासायनिक फुगवणीने (तापल्यावर गॅस सोडणारी रसायनं घालून) बनतं.

गेटपासून_दूर:

मग रासायनिक फुगवणीनेच इंजेक्शनचं कामही का करू नये? गॅस युनिट, खास स्क्रू, सगळा खर्च वाचेल. आणि या फोमची उष्णतारोधक म्हणून कामगिरी खूप चांगली असते असं वाचलं आहे.

दाबमापी:

करतात की. सोडियम बायकार्बोनेट आणि सायट्रिक आम्लाचा मास्टरबॅच (प्लास्टिकमध्ये दाट मिसळून केलेले दाणे) १ ते २ टक्के टाकून साध्या मशीनवर सिंक मार्क घालवता येतात. पण गॅसचा डोस बॅरलच्या तापमानावर आणि आत राहिलेल्या वेळेवर अवलंबून राहतो. बायकार्बोनेटमधून पाणीही सुटतं, त्यामुळे पॉलिकार्बोनेट आणि पेटसारख्या पाण्याने तुटणाऱ्या मालात ते नको. अझोडायकार्बोनामाइड २०० अंशांच्या पुढे फुटतं आणि ग्रॅमला २०० मिलिलिटरहून जास्त गॅस देतं. झिंक ऑक्साइड घातलं तर ते बरंच खाली फुटतं. पण त्यातून अमोनियाही निघतो, साच्यावर अवशेष बसतात आणि पिवळसर झाक येते. सिंक मार्कपुरतं काम असेल तर रासायनिक ठीक. माप आणि बारीक पेशी हव्या असतील तर भौतिक गॅसच.

उष्णतारोधाचा दावा तपासून घ्यावा असा आहे. हवेच्या रेणूचा दोन टकरींमधला सरासरी प्रवास सुमारे ७० नॅनोमीटर. पेशी त्या मापाची झाली तरच आतल्या वायूतून होणारं उष्णतावहन अडतं. १० मायक्रॉनची पेशी त्याच्या शंभरपटीहून मोठी आहे. त्यात १० टक्के वजन उतरवलेल्या पार्टमध्ये घन प्लास्टिकच इतकं असतं की रोधक म्हणून त्याला अर्थ नाही. प्रकाशाचं वेगळं. फुरुकावाची एमसीपेट शीट, म्हणजे १० मायक्रॉनच्या आतल्या बुडबुड्यांचं पेट, दृश्य प्रकाशाचा ९६ टक्क्यांहून जास्त भाग परतवते, म्हणून ती दिव्यांच्या मागे रिफ्लेक्टर म्हणून बसवतात. बुडबुड्यांच्या असंख्य भिंतींवर प्रकाश विखुरतो, त्याला नॅनो पेशी लागत नाहीत.

साचेघर:

मशीन बंद करण्याचा क्रम राहिला, आणि तो चुकला तर माणूस भाजतो. आधी गॅसचा डोस बंद करा, इंजेक्टरचा व्हॉल्व्ह बंद झाल्याची खात्री करा. मग गॅसविना आठदहा शॉट साच्यात काढा, वजन घट्ट पार्टच्या आकड्याला पोचेपर्यंत. त्यानंतरच बॅरलचा दाब उतरवा, नोझल मागे घ्या आणि पर्ज करा, म्हणजे आतला माल बाहेर काढून टाका. गॅस भरलेला मेल्ट उघड्या हवेत पर्ज केला तर तो तडतडत उडतो. पर्ज गार्ड बंद आणि तोंडावर शील्ड, दोन्ही हवेत. वीज गेली असेल तर पुन्हा सुरू करताना आतला मेल्ट गॅस भरलेलाच आहे असं धरून, शटऑफ नोझल न उघडता बॅरल तापमानाला येऊ द्या.